शून्य धरलेली सहा वर्षं

नशिराबाद
८ जून २०२५, रविवार

चि. प्रज्ञा,

सप्रेम जयभीम. पत्र पाहून दचकू नकोस, तब्येत ठीक आहे. फोनवर मी गप्प बसते आणि तू समजावून सांगायला लागतेस. कागद मध्ये बोलत नाही, म्हणून कागद. आपल्याला धड बोलून दहा महिने झाले. त्यावर आज मी काही लिहिणार नाही. मला तुला अर्थशास्त्राचा एक प्रश्न विचारायचा आहे. तुझे व्हिडिओ पाहणारे अनोळखी लोक खाली प्रश्न लिहितात ना, तसाच समज.

प्रश्न डिंपलचा आहे. आपल्या भिंतीला भिंत लागून असलेल्या भिकुबाईंची धाकटी सून. भिकुबाई फेब्रुवारीत न्हाणीत पडल्या, खुबा मोडला. ऑपरेशन झालं पण त्या उठल्या नाहीत, आता उठतील असं वाटत नाही. सगळं खाटेवर. थोरला चुडामण धुळ्याला असतो, नोकरी पक्की, महिन्यातून एकदा केळी घेऊन येतो. धाकटा गोकुळ टेम्पो चालवतो, तो गावात कमी आणि रस्त्यावर जास्त. म्हणजे करायला डिंपल एकटी. पोरगी लॅबचं शिकलेली आहे, रक्त तपासायचं. जळगावच्या एका लॅबने तिला घेतलंय. एक जुलैला हजर व्हायचं. नाही झाली तर दुसरी मुलगी तयार आहे, असं त्यांनी तोंडावर सांगितलं.

तर या डिंपलने तुझा तो व्हिडिओ पाहिला. माझ्यावरचा, पप्पांचं करण्यात गेलेल्या माझ्या सहा वर्षांचा भाव काढलास तो. तुझे सगळेच पाहते ती. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात त्यावरून तू मालकी म्हणजे काय ते सांगितलंस, तो तिला पाठ आहे. विहारात बायकांना करून दाखवते, तुझ्यासारखे हात हलवून. पण माझ्यावरचा पाहून तिने वेगळंच केलं. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रोजचं काम लिहिलं. पहाटे पाचला कूस बदलणं. सहाला पुसून घेणं. किती वेळ लागला, ते पुढे. महिनाभर लिहिलं आणि बाहेरच्या खोलीत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं टांगलं. खाली मोठ्या अक्षरात, "भावजींनी निम्मं उचलावं. माणसाने नाहीतर पैशाने."

चुडामण आला, केळी ठेवली, वाचलं. मी तेव्हा तिथेच होते.

"हे काय? आईचं बिल?"

"बिल नाही भावजी. वेळ लिहिलाय."

"उद्या ती जेवली किती तेही लिहिशील!"

"तेही लिहिलंय. खालून तिसरी ओळ."

मला हसू आलं, आणि लगेच वाईट वाटलं. चुडामणने माझ्याकडे असं पाहिलं, जणू कॅलेंडर मीच टांगलंय. "वहिनी, हे तुमच्या प्रज्ञाचं पीक आहे," म्हणाला.

येत्या रविवारी त्यांच्या घरी बसायचं ठरलंय. चिंधा आबा असतील, विहाराच्या कमिटीचे. आणि मला बोलावलंय. म्हणजे असं की दोन्ही बाजूंनी मला बोलावलंय. डिंपलला वाटतं मी तिच्या बाजूने बोलेन, कारण तू माझी मुलगी. चुडामणला वाटतं मी त्याच्या बाजूने बोलेन, कारण मी खाटेवर पडलेल्या तुझ्या पप्पांचं सहा वर्षं केलं.

आता प्रश्न. डिंपलच्या कामाला भाव आहे असं मी म्हटलं, तर माझ्या कामालाही होता. मग मी ते विकलं नाही, तर काय केलं? दान? नवऱ्याला कोणी दान देतं का? आणि भाव नाही असं म्हटलं तर पोरीची नोकरी जाते. यातलं काहीच मला धड कळत नाही. अकरावीचं अर्थशास्त्राचं पुस्तक विहाराच्या कपाटात आहे, ते दोनदा वाचलं. त्यात मागणी आहे, पुरवठा आहे. भिकुबाई नाहीत.

जमलं तर उत्तर दे. फोन नको.

तुझी आई


नशिराबाद
१६ जून, सोमवार

चि. प्रज्ञा,

तुझं उत्तर आलं नाही. पत्र पोचायलाच चार दिवस लागत असतील. काल बसणं झालं.

चहा झाला. चिंधा आबा म्हणाले, "एकेकाने बोला, पंखा आधीच आवाज करतोय." चुडामण म्हणाला, माझी बायको शाळेत आहे, दोन खोल्या आहेत, आईला धुळ्याला करमत नाही. डिंपल म्हणाली, मला एक तारखेला जायचंय. गोकुळ नखं पाहत होता.

मग आबा माझ्याकडे वळले. "इंदिराबाई, तुमच्याइतकं या गल्लीत कोणी केलं नाही. तुम्ही बोला."

प्रज्ञा, मी काय बोलायचं ते ठरवून गेले नव्हते. पण खोलीत पंधरा माणसं आणि सगळी माझ्याकडे आदराने पाहणारी. तुझे पप्पा गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशीसुद्धा अशीच पाहत होती. माझ्या तोंडून निघालं, "मी सहा वर्षं केलं. कधी घड्याळ पाहिलं नाही. आपल्या माणसाचं करताना वेळ मोजला जात नाही."

सगळ्यांना बरं वाटलं. आबांनी मान हलवली. चुडामण म्हणाला, "ऐकलं डिंपल? जिच्या मुलीचं ऐकून हे टांगलंस, तीच म्हणते." डिंपल उठली. कॅलेंडर काढलं, त्याची नीट गुंडाळी केली आणि आत जाऊन भिकुबाईंची संध्याकाळची कूस बदलली. पाच वाजले होते. तिने घड्याळ पाहिलं नाही, पण पाच वाजले होते.

निघताना ती दारापर्यंत आली. मला वाटलं भांडेल. हळू आवाजात म्हणाली, "काकू, तुम्ही सगळ्यांसमोर देवी झालात ते ठीक. आता मलाही व्हावं लागेल. माझ्या अंगात तेवढं नाही."

मी म्हटलं, "अगं, मी खरं तेच बोलले."

"असेल," म्हणाली, आणि दार लावलं.

मी खरं तेच बोलले का? रात्रभर हेच, आणि तुझ्यावर मी का रागावले होते तेही डोक्यात घोळत राहिलं. तुला मी म्हटलं होतं, तू तुझ्या बापाचं तोंड पुसण्याचा दर काढलास, सतरा लाख अठ्ठावीस हजार, आणि चार लाख लोकांनी तो व्हिडिओ पाहिला. म्हटलं होतं ना? ते खरं आहे. पण सगळं तेवढंच नाही. पुढचं आज लिहवत नाही.

तुझी आई


नशिराबाद
२२ जून, रविवार

चि. प्रज्ञा,

तुझा मेसेज मिळाला. तीनदा वाचला. तू लिहिलंस, "आई, तुला न विचारता केलं ही माझी चूक. व्हिडिओ काढून टाकते. पण रविवारी तू जे बोललीस ते मला पटलं नाही." पटलं नाही हे लिहिलंस ते बरं केलंस. नुसती माफी मागितली असतीस तर मी अजून चिडले असते.

व्हिडिओ काढू नकोस. आधी ऐक.

काल डिंपल जळगावला गेली होती, लॅबवाल्यांना नाही सांगायला. जाताना मला म्हणाली, "काकू, चार तास बसाल का आईंजवळ? घड्याळ न पाहता." टोमणा मारायला ती चुकत नाही. मी गेले.

भिकुबाई जाग्या होत्या. त्यांचं माहेर साक्रीकडचं. पन्नास वर्षं इकडे राहून त्यांची बोली तिकडचीच राहिली. मी पाणी पाजलं. त्या म्हणाल्या, "बठ्ठा मन्हाबद्दल बोलतस, मन्हासंगे कोनी बोलत नही."

खरं होतं, सगळे त्यांच्याबद्दल बोलले, त्यांच्याशी कोणीच नाही. मी विचारलं, "मग तुम्हाला काय पाहिजे, अक्का?"

"माले काय, पोटले भाकर नि आंगले पानी. करनारी कोनी बी राहो. डिंपल दिनभर मन्हावर दात खास, मी तिनावर. हाई सेवा शे का?" दोघी दिवसभर एकमेकींवर दातओठ खातात, हे मला भिंतीपलीकडून ऐकू येतंच. मग म्हणाल्या, "इंदू, तू तुना नवराले कधी इचारं व्हतं का, तुले कोन पाहिजे म्हनीसन?"

नाही विचारलं. प्रज्ञा, सहा वर्षांत एकदाही नाही. त्यांना बोलता येत होतं, अर्धवट का होईना. मी विचारलंच नाही, कारण ते जर म्हणाले असते की कोणी माणूस ठेव, तर मी काय कारण सांगणार होते? माणूस ठेवायला पैसे नव्हते, हे एक. पण सगळ्या गावाने मला जे नाव दिलं होतं तेही गेलं असतं. मला खरंच माहीत नाही, यातलं किती प्रेम होतं आणि किती नाव. वेगळं करून पाहायला गेले तर दोन्ही हाताला चिकटतं.

आता तुझ्या व्हिडिओतलं. सतरा लाखांचं नाही, त्याच्या आधीचं. तू म्हणालीस, "किंमत काढायची एक रीत अशी, की हे काम करताना माणसाने दुसरं काय सोडलं ते पाहायचं. त्याला संधी-खर्च म्हणतात. माझी आई दहावी, तीही चाळिशीत, बाहेरून. तिला दुसरं काम मिळालंच नसतं. म्हणून या रीतीने तिच्या सहा वर्षांची किंमत येते शून्य." मग तू म्हणालीस, ही रीत किती चुकीची आहे बघा, आणि दुसरी रीत घेतलीस, बाहेरची बाई ठेवली असती तर किती द्यावं लागलं असतं ती. तू माझ्या बाजूनेच भांडत होतीस, हे मला तेव्हाही कळलं होतं. तरी फोन बंद करून मी दोन दिवस जेवले नाही. रागवायला मी सतरा लाखांचं निमित्त धरलं. तो आकडा सगळ्यांना सांगता येत होता. शून्य सांगता आलं नसतं. त्यासाठी मला दुसरी एक गोष्ट सांगावी लागली असती.

ती सांगते. पप्पा पडल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी जळगावच्या एका वाचनालयाने मला बोलावलं होतं. मी तो सहा महिन्यांचा ग्रंथालयाचा कोर्स करत होते, आठवतं? तू विचारलंस, काय झालं त्याचं, तर मी म्हटलं मन लागत नाही. मन लागत होतं. परीक्षा दिली, पास झाले. तिथल्या बाईंनी माझं अक्षर पाहिलं, मी काय काय वाचलंय ते विचारलं आणि म्हणाल्या, सोमवारपासून या, पुस्तकांना नंबर घालायचं काम आहे. अकरा ते पाच. मी घरी आले. तू पुण्याला एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतीस. तुला सांगितलं असतं तर तू सगळं टाकून आली असतीस आणि म्हणाली असतीस, जा आई, मी बघते पप्पांना. म्हणून सांगितलं नाही. सोमवारी गेले नाही. नाही म्हणायलाही गेले नाही.

तर ते शून्य नव्हतं, प्रज्ञा. तुला आकडा मिळाला नाही, कारण मी लपवला होता. आणि लपवलेल्यावर तू रीतसर गणित केलंस, तर मी तुझ्याशी बोलणं सोडलं. यात दोष कोणाचा ते तू सांग. माझं डोकं चालत नाही.

डिंपल चार वाजता परत आली. मी म्हटलं, "सांगितलंस का त्यांना?"

"लॅबचे साहेब बाहेर गेले होते. मंगळवारी परत जाते."

"मंगळवारी जाऊ नकोस," मी म्हटलं. का म्हटलं ते तिला सांगितलं नाही. मलाही पुढचं ठाऊक नव्हतं.

तुझी आई


नशिराबाद
३० जून, सोमवार

चि. प्रज्ञा,

काल धुळ्याला जाऊन आले. सकाळची गाडी धरली, पारोळ्याच्या पुढे जागा मिळाली. देवपुरात चुडामणचं घर. आधी फोन केला नव्हता. फोन केला असता तर त्याने सांगितलं असतं, वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेता, आणि मी राहिले असते.

दार त्याच्या बायकोने उघडलं. सुनिता. शाळेच्या वह्या तपासत होती, बोटाला लाल शाई. मी खुर्चीवर बसले आणि पाणी यायच्या आधीच बोलायला लागले. थांबले असते तर बोलता आलं नसतं.

म्हटलं, "चुडामण, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर सांगितलं की मी घड्याळ पाहिलं नाही. मी पाहत होते. रोज पाहत होते."

तो हसला. "अहो वहिनी, ते सगळेच..."

"ऐकून घे. एकदा दुपारी मी बाहेरून कडी लावली. ते झोपले नव्हते. त्यांना दिसत होतं. मी जळगावच्या बसमध्ये बसले, त्या वाचनालयात गेले आणि टेबलाशी दोन तास बसले. पुस्तक उघडं होतं, वाचलं काहीच नाही. परत आले तेव्हा अंथरूण ओलं होतं आणि ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी पुसलं. त्यानंतर मी तीन वर्षं त्यांचं केलं, आणि लोक त्याला त्याग म्हणत राहिले."

चुडामणने वर पंख्याकडे पाहिलं. सुनिता वही हातात घेऊन उभी होती.

मी म्हटलं, "डिंपलवर ती दुपार येऊ देऊ नकोस. भिकुबाईंवरही नको. त्यांना धुळ्याला यायचं नाही, आणि सुनेनेच करावं असंही त्यांचं म्हणणं नाही. मी विचारलं. तू विचारलंस का?"

"आईने असं म्हटलं?"

"करणारी कोणीही असो, म्हणाल्या."

सुनिता वही मिटून म्हणाली, "अहो, गावातल्या रुक्माबाईंना विचारा ना. त्यांनी इंगळ्यांच्या आजीचं केलं होतं. दिवसभर येतील. पैसे आपण देऊ, रात्रीचं गोकुळ भाऊजी बघतील. त्यांनाही हात आहेत." आणि नवऱ्याकडे न बघता, "मी हे फेब्रुवारीतच म्हणाले होते."

"तू कधी म्हणालीस?"

"तुम्ही केळी बांधत होतात तेव्हा."

चुडामण उठून गॅलरीत गेला. आत आला तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता, पण रागावलेला नव्हता. म्हणाला, "वहिनी, एक बोलू? रुक्माबाई परकी. आईचं सगळं उघडं पाहणार. त्यापेक्षा तुम्हीच या ना दिवसा. तुम्हाला सवय आहे. आईचा तुमच्यावर जीव आहे. आणि फुकट नाही, प्रज्ञाच्या दराने देऊ."

तो टोमणा नव्हता. मनापासून बोलत होता. क्षणभर मलाही वाटलं, काय हरकत आहे. घर रिकामं आहे. काम येतं. पहिल्यांदाच कोणी माझ्या कामाचे पैसे देऊ करत होतं, आणि तेही तू काढलेल्या भावाने. याच्यासाठीच तर तू भांडत होतीस.

मी म्हटलं, "नाही."

"दर कमी वाटतो का?"

"दर चांगला आहे. मला करायचं नाही."

कारण विचारलं तर काय सांगायचं, याची मी मनात जुळवाजुळव करत होते. त्याने विचारलं नाही. सुनिता म्हणाली, "जेवून जा काकू, कळण्याची भाकरी आहे." जेवले. तिने हिरव्या मिरचीचा ठेचा केला होता, डोळ्यांत पाणी यायला तेवढं निमित्त पुरलं.

संध्याकाळी चुडामणने रुक्माबाईंशी फोनवर बोलून घेतलं. आज सकाळी त्या येऊन भिकुबाईंना भेटून गेल्या. भिकुबाई त्यांना म्हणाल्या, "तुना हात थंडा शे. गरम पानी लिसन येत जाय." म्हणजे जमेल. गोकुळ रात्रीचं शिकतोय. काल कूस बदलताना आईला भिंतीकडे ढकलतच होता, डिंपल ओरडली. उद्या ती पावणेनऊच्या गाडीने निघेल. तिने पांढरा कोट इस्त्री करून दारामागे टांगलाय. मला म्हणाली, "काकू, धुळ्याला काय सांगितलंत तुम्ही? भावजी एकदम गार." मी म्हटलं, "तुझं घड्याळ बरोबर होतं, एवढंच." कडीचं तिला सांगितलं नाही. तुला सांगितलं. पप्पांची मुलगी म्हणून तुला ते कळायला हवं होतं, आणि ते वाचून तू माझ्यावर रागावलीस तर तो राग खरा असेल. मी फोन बंद करणार नाही.

पण माझा गोंधळ काही सुटला नाही. रुक्माबाईंना पैसे मिळतील आणि त्या पाचला घरी जातील, यात मला वाईट काहीच दिसत नाही. मग सहा वर्षं मला ते वाईट का वाटत होतं? आणि 'मला करायचं नाही' हे मी तुझ्या पप्पांसाठी कधीच म्हणू शकले नसते. त्यांच्यासाठी म्हणायचंही नव्हतं. ते आज असते तर उद्या परत केलं असतं. कडीही परत लावली असती कदाचित. या दोन गोष्टी एकाच बाईत कशा बसतात? तुझ्या शास्त्रात यासाठी काही शब्द असेल तर कळव. नसेल तर तसं सांग. मला तेही चालेल.

व्हिडिओत शून्य आहे तिथे दुरुस्ती कर. किती घालायचं ते तू ठरव. पुस्तकांना नंबर घालणाऱ्या बाईला तेव्हा काय पगार होता मला माहीत नाही, मी विचारलाच नव्हता. आणि तिथे आणखी एक वाक्य बोल, की आईला विचारून सांगते आहे.

उद्या डिंपल गेली की गल्ली शांत होईल. घरात कोणाला औषध द्यायचं नाही. अकरा ते पाच मला काही काम नाही. त्या वेळाचं काय करायचं, अजून ठरवलेलं नाही.

तुझी आई